ओल्या बर्फावर

"बस इथेच राहील," डेल म्हणाला आणि त्याने क्लिफर्डच्या हातातली किल्ली हिसकावून घेतली.

क्लिफर्ड म्हणजे लाँग विलो रिझर्व्ह या मूळनिवासींच्या राखीव वस्तीतल्या मुलींच्या आइस हॉकी संघाचा कोच. त्यांच्या शाळेची बस चालवायचाही हाच. मॅच नुकती संपली होती आणि मुली आत कपडे बदलत होत्या. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानच्या जानेवारीत बस निघायच्या बऱ्याच आधी सुरू करून ठेवावी लागते, नाहीतर आत बसलेली माणसं आणि फ्रीजमधलं मटण यांत फारसा फरक राहत नाही. म्हणून तो एकटाच बाहेर निघाला होता. लॉबीत डेल आणि त्याचे दोस्त वाट अडवून उभे होते. मी कॅन्टीनच्या खिडकीत, तेलातून फ्राइजची जाळी वर काढत होते.

"किल्ली दे, भाऊ," क्लिफर्ड म्हणाला. "पोरी दमल्यात. लांब जायचंय आम्हाला."

"भाऊ? मी कुणाचा भाऊ रे?" डेल मित्रांकडे वळला. "ऐकलंत का, हा आपला सोयरा निघाला!"

सगळे हसले. क्लिफर्डने किल्लीसाठी हात पुढे केला, बाकी काहीही नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली. तो खाली बसला आणि डेलचा बूट त्याच्या बरगड्यांत बसला. मग परत बसला. बरगडी मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला, आणि तो मी अजून विसरलेले नाही.

"डेल! मेल्या, माणूस मरेल तो!" मी ओरडले.

"तू फ्राइज तळ, मर्ना," डेल मान न वळवता म्हणाला.

तीस वर्षं मी या बर्फाच्या रिंकवर फ्राइज तळते आणि कॉफी ओतते. डेलला मी दुधाचे दात पडलेला पाहिलाय, केचप मागताना रडलेला पाहिलाय. पण त्या संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उरलं नव्हतं. ते सगळे बाहेर बसकडे धावले. लोखंडी पहारीने पुढची काच फोडली, मग बाजूच्या खिडक्या. तेवढ्यात मी कॅन्टीनच्या दारातून बाहेर आले, क्लिफर्डला काखेत धरून आत ओढलं, पत्र्याचं शटर खाली पाडलं आणि पोलिसांना फोन लावला. आमच्या केस्ट्रेलमध्ये पोलिसचौकी नाही. ते दुसऱ्या गावाहून येतात.

"निघतोय, बाई," तिकडून एक तरुण आवाज म्हणाला. "पण रस्त्यावर बर्फ उडतोय. वेळ लागेल."

"वेळ लागला तर मग रुग्णवाहिकाच पाठव. पोलिस नकोत," मी म्हणाले.

आणि एवढं सगळं कशावरून? डेलची मुलगी केला आमच्या संघातून खेळते. शेवटी शेवटी ती आणि त्यांची टॅनिस एकाच चकतीवर, म्हणजे बर्फावर चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीवर, धावल्या, दोघी कठड्यावर आदळल्या, केला खाली सापडली आणि तिचं मनगट मोडलं. हॉकीत मनगट मोडतं. माझ्या नवऱ्याचं दोनदा मोडलं होतं, त्यातलं एकदा तर मित्राशीच खेळताना. पंचाला त्यात काही वावगं दिसलं नाही. केलाची आई तिला हॉस्पिटलला घेऊन गेली, आणि वर आम्ही मॅच हरलो. त्यातून लॉबीत जी कथा शिजली ती अशी की त्या जंगली पोरीने मुद्दाम हात मोडला, त्यांना तेच शिकवतात. चोराच्या उलट्या बोंबा! मॅच सुरू झाल्यापासून आमचेच लोक बाकांवर बसून, जुन्या सिनेमातल्या 'रेड इंडियन'ची नक्कल करत, तोंडावर हात आपटत 'वू-वू-वू' करत होते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना! म्हातारा आयव्हर हाउगेन, सत्तरी उलटलेला, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारा, तोही करत होता. मी त्याला कॉफी देताना म्हटलं, "आयव्हर, लाज सोडलीस का?" तर म्हणतो, "गंमत गं, मर्ना. हॉकी आहे ही."

आता ऑर्विलचं सांगते, कारण गोष्ट त्याची आहे.

ऑर्विल सावचिन आमचा बर्फवाला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, रिंकच्या मागेच दोन खोल्यांचं घर. बोलायचा कमी, हसायचा तर ओठ मिटून. बर्फ घालणं, तो सपाट राखणं, वसंतात वितळवणं, एवढंच त्याचं आयुष्य आणि त्याला तेवढं पुरायचं. केस्ट्रेलमधलं प्रत्येक पोर त्याच्या बर्फावर पडून उभं राहायला शिकलंय. डेल तर त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लोखंडी खुर्ची पुढे ढकलत ढकलत ऑर्विलनेच त्याला बर्फावर चालायला शिकवलं. आता डेल ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक आणि रिंकच्या समितीचा अध्यक्ष. म्हणजे ऑर्विलची नोकरी त्याच्या मुठीत. एक शब्द टाकला की ऑर्विल घरी बसणार, आणि रिंकवाचून ऑर्विल घरात काय करणार, भिंतीकडे बघत बसणार!

ऑर्विलचा नियम एकच होता. मॅच संपली की तो गाडी काढायचा. ती गाडी पुढून बर्फ खरवडते आणि मागून गरम पाण्याचा हात फिरवत सारवत जाते. ते पाणी गोठून घट्ट होईपर्यंत बर्फावर कुणी पाऊल टाकायचं नाही. ओल्यात पाऊल पडलं की ते तसंच गोठतं आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या पोराच्या स्केटचं पातं त्यात अडकून तोंड फुटतं. पाद्री असो, नगराध्यक्ष असो, ऑर्विलने सगळ्यांना दारात थांबवलंय. आमच्या गावात चुलीला हात लावू नये हे पोराला नंतर कळतं, ओल्या बर्फावर पाय ठेवू नये हे आधी.

बाहेर काचा फुटत होत्या तेव्हा ऑर्विल मुलींच्या खोलीच्या दाराशी गेला. हे मला नंतर त्यांच्या आजीने सांगितलं. आजी म्हणजे बर्निस, टॅनिसची आजी. संघाबरोबर प्रत्येक मॅचला यायची आणि सगळ्याच पोरी तिला आजी म्हणायच्या.

"सामान राहू द्या," ऑर्विल म्हणाला. "माझ्या मागून या."

"क्लिफर्ड कुठाय?" आजीने विचारलं.

"मर्नाकडे आहे. जिवंत आहे. चला."

आमच्या रिंकची रचना साधी आहे. एका टोकाला लॉबी, कॅन्टीन आणि कपडे बदलायच्या खोल्या. दुसऱ्या टोकाला बर्फाच्या गाडीची शेड, तिला बाहेरून येणारा मोठा दरवाजा, पण आतून लोखंडी आडणा लावला की तो रेड्यालाही उघडत नाही. मध्ये बर्फ. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला प्रेक्षकांची बाकं, आणि बाकांच्या टोकाशी शेडकडे जाणारं जाळीचं दार. म्हणजे लॉबीतून शेडपर्यंत जायचे रस्ते दोनच, बाकांवरून किंवा बर्फावरून.

पोरी निघाल्या. आजी मात्र कठड्याच्या फाटकाशी थबकली. पायांकडे बघत म्हणाली, "बूट घालून? बर्फावर?"

"आज चालेल," ऑर्विल म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. म्हातारी त्याचा हात धरून चालली, आणि ती सांगते की माणसाचं चालणं एखाद्याने देवळात चालावं तसं होतं.

मी क्लिफर्डला कॅन्टीनमध्ये आतून कडी घालून बसायला सांगितलं, मागच्या दाराने बाकांवर आले, पोरी शेडकडे जाताना दिसल्या तशी धावत टोकाला गेले, जाळीच्या दारातून पलीकडे गेले आणि त्याला कुलूप घातलं. शेडमध्ये पोरी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. घामाने ओले कपडे, पायात नुसत्या चपला. एक जण रडत होती. टॅनिस रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मी मुद्दाम नाही केलं. खरंच."

"माहीत आहे गं, बाळ."

"मग सांगा ना त्यांना."

काय सांगणार? मी अंगातला स्वेटर काढून तिला दिला.

लॉबीकडून दारं फोडल्याचा आवाज आला. त्यांना खोली रिकामी सापडली होती. ऑर्विलने आमच्याकडे एकदा पाहिलं, गाडीवर चढला, आणि शेडमधून ती बर्फावर काढली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. भांडण पेटलंय आणि हा सारवायला निघालाय! मग मला कळलं.

डेल आणि त्याची माणसं हॉकीच्या काठ्या, पहार घेऊन बर्फाच्या फाटकाशी आली. सात-आठ जण असतील, दारू प्यालेले, एकाच्या हाताला काच लागून रक्त गळत होतं. पलीकडच्या टोकाला उघड्या शेडमध्ये पोरी त्यांना स्पष्ट दिसत होत्या. मधे फक्त बर्फ. आणि बर्फावर वाफाळतं पाणी.

ते थांबले.

मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते, नाहीतर कोण विश्वास ठेवेल? माणसाच्या बरगड्या मोडून आलेली ती माणसं फाटकाशी ओळीने उभी राहिली. एकाने तर उचललेला पाय मागे घेतला. ऑर्विल त्यांच्यापुढून गाडी नेत होता, हळू, रोज नेतो त्याहून हळू, आणि त्यांच्याकडे बघतही नव्हता.

"ऑर्व्ह!" डेल ओरडला. "बंद कर ते!"

ऑर्विलने कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली आणि वळण घेतलं.

"किती वेळ लागेल रे?" त्यांच्यातल्याच एकाने शेजारच्याला ओरडून विचारलं. खरंच विचारलं! जणू पुढच्या मॅचची वाट बघत होते.

"आत्ताशी पहिला हात चाललाय."

मग ऑर्विलने दुसरा हात दिला. तिसरा दिला. कुणी शहाणा माणूस इतकं पाणी घालत नाही, बर्फावर तळं झालं होतं आणि ते घट्ट व्हायचं नावच घेत नव्हतं. दोघं-तिघं बाकांवरून धावत जाळीच्या दारापर्यंत आले आणि ते हलवायला लागले. मी आतून शेडमधलं खोरं घेऊन उभी राहिले. "या," म्हटलं, "बोटं जाळीत घाला, मग बघू." एकाने घातली. मी खोऱ्याची धार मारली. तो बोंबलत मागे गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसावर हात उचलला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

बाकांवर अजून थोडे लोक होते. बाकी अर्धं गाव गाड्या काढून घरी गेलेलं. सगळी भली माणसं! कुणी आजारी पडलं तर दारात कालवण आणून ठेवतील. पण त्या संध्याकाळी त्यांना सगळ्यांनाच घरी काम निघालं होतं.

गाडीमागून येणारी पाण्याची पट्टी बारीक होत गेली, मग तुटक झाली आणि थांबली. टाकी संपली होती. ऑर्विलने गाडी शेडच्या तोंडाशी आडवी उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. एकदम शांतता झाली. पोलिसांचा पत्ता नव्हता.

"संपलं पाणी, ऑर्व्ह?" डेलने लांबून विचारलं.

"संपलं."

"मग बाजूला हो. आम्हाला फक्त ती एक पोरगी पाहिजे. माफी मागू दे तिला. गुडघ्यावर बसून."

"लहान आहे ती, डेल. आपल्या केलाएवढी."

"केलाचं नाव घेऊ नकोस! तिचा हात मोडलाय आणि तू त्यांना लपवतोस? सोमवारपासून इथे पाय ठेवायचा नाहीस तू. ऐकलंस? हा रिंक संपला तुझ्यासाठी."

ऑर्विलने गाडीच्या चाकावर हात टेकवला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. बाजूला झाला असता तर मी त्याला दोष दिला असता का? मला नाही सांगता येत. मग तो म्हणाला, "बरं. सोमवारपासून."

आणि तिथेच उभा राहिला.

डेलने पाऊल टाकलं.

पाणी उडाल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागची माणसं खरोखर दचकली. "डेल, ओला आहे!" कुणीतरी म्हणालं. डेल चालत आला, घसरला, उठला, परत चालत आला. मग बाकीचेही उतरले. एकदा कुंपण मोडलं की गुरं काय आणि माणसं काय.

पहिला फटका त्याने ऑर्विलच्या गुडघ्यावर मारला, काठीच्या पात्याने. ऑर्विल गाडीच्या चाकाला धरून उभाच राहिला. दुसरा तोंडावर बसला आणि त्याच्या ओठांतून रक्त आलं. मी खोरं घेऊन धावले, पाय घसरून आपटले, रांगत पुढे गेले आणि जो पाय सापडला त्यावर खोरं मारलं. कुणीतरी माझे केस धरून मला फरपटवलं. पाणी बर्फासारखं गार आणि रक्ताने कोमट, दोन्ही एकदम लागत होतं. मागे पोरी किंचाळत होत्या. आजी काठी घेऊन गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभी होती, आणि जो कुणी त्या फटीत डोकं घालेल त्याच्या डोक्यात ती मोजूनमापून काठी घालत होती. "एकेक जण या," ती म्हणत होती, "मला घाई नाही."

तेव्हा लॉबीच्या टोकाकडून हाक आली.

"डेल फेअर! ओल्यात उतरलास तू?"

आयव्हर होता. फाटकाशी खाली बसून तो बूट काढत होता. शांतपणे एक काढला, दुसरा काढला, जोडीने कडेला ठेवले, आणि लोकरीचे जाड मोजे घालून बर्फावर उतरला. बूटवाले सगळे पडत-झडत होते. लोकर ओल्या बर्फाला धरते, त्यामुळे हा एकटा सरळ चालत आला. वाटेत पडलेली एक काठी त्याने उचलली.

"साठ वर्षं मी हा बर्फ बघतोय," तो म्हणाला. "माझा बाप मेला त्या दिवशीसुद्धा मी फाटकात थांबलो होतो. आणि तू बूट घालून ओल्यात उतरतोस? नालायका!"

आणि त्याने डेलच्या तोंडावर काठी हाणली.

हा माणूस पोरींसाठी आला नव्हता. ते मी त्याला पुढे तोंडावर सांगितलं आणि त्यानेही कबूल केलं. तो बर्फासाठी आला होता. पण येऊन पोहोचल्यावर त्याने शेडमध्ये पाहिलं, मघाशी ज्यांना बघून तो 'वू-वू' करत होता त्या पोरी भिंतीला लागून एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या, आणि म्हातारा वळून ऑर्विलच्या शेजारी उभा राहिला. "हात लावून दाखवा आता," तो म्हणाला.

डेल गुडघ्यांवर होता, तोंडातून रक्ताची धार. तो उठला आणि सगळा राग ऑर्विलवर निघाला. आयव्हरवर नाही, माझ्यावर नाही. घरच्या माणसावर. काठीचं टोक त्याने भाल्यासारखं पुढे घातलं आणि ते ऑर्विलच्या उजव्या डोळ्यात गेलं. ऑर्विल ओरडला नाही. फक्त दोन्ही हात चेहऱ्यावर नेले आणि गाडीला पाठ लावून हळूहळू खाली बसला, अगदी पोरींच्या वाटेत. मग डेलने काठी टाकून दिली. स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला. बाकीचेही थांबले. डोळा फुटल्यावर माणसं शुद्धीवर येतात. त्याआधी का येत नाहीत, हे मला कुणी सांगावं.

पोलिस आले तेव्हा बर्फ घट्ट होत आला होता. आमचे सगळ्यांचे बूट, हात, पडल्याच्या खुणा, रक्त, सगळं तसंच्या तसं गोठलं होतं.

बसला काचा नव्हत्या. पोलिसांच्या दोन गाड्या, आयव्हरची पिकअप आणि माझी, यांत पोरींना दाटीवाटीने बसवलं. आजी माझ्या शेजारी बसली. निघता निघता तिने विचारलं, "त्या माणसाला घरी कुणी आहे का?"

"नाही. मेहुणा होता."

"कुठला?"

"ज्याने डोळा फोडला तो."

आजीने मागे वळून पोरींकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला हॉस्पिटलवर सोड. पोरी तुझ्याबरोबर जातील." ऑर्विल शुद्धीवर आला तेव्हा ती खुर्चीत बसून झोपली होती. शेजारच्या खाटेवर क्लिफर्ड होता, बरगड्यांना पट्टे बांधलेला. दोघं त्या आठवड्यात टीव्हीवर मॅचेस बघत आणि पंचांना शिव्या देत पडले होते, असं नर्स सांगत होती.

ऑर्विलचा डोळा गेला. गुडघा वाकेनासा झाला. समितीने 'आता आराम कर' असा निरोप पाठवला आणि किल्ल्या मागून घेतल्या. डेल त्या समितीतून उठला, पण त्याच्या जागी त्याचाच चुलतभाऊ बसला. कोर्टाने डेलला तुरुंगात घातलं नाही. पहिलाच गुन्हा, मुलीच्या दुखापतीने झालेला मनस्ताप, गावात प्रतिष्ठा. काही महिने रस्त्याकडेचा कचरा उचलायची शिक्षा झाली. क्लिफर्डच्या बरगड्या त्या निकालात कुठे आल्याच नाहीत. मला विचाराल तर तो निकाल नव्हता, ती सारवासारव होती, आणि ऑर्विलने कधी इतकं वाईट सारवलं नसतं.

मी कॅन्टीन सोडलं नाही. कुणाच्या बापाची हिंमत मला काढायची! दुसरं कोण तळणार? डेल यायचा. मी फ्राइज द्यायचे, मीठ द्यायचे नाही. तोही मागायचा नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळवला. नवीन माणसाने यंत्र बंद करून दारं उघडी टाकली, एवढंच. ऑर्विल असता तर तीन दिवस रबरी बूट घालून पाण्यात उभा राहिला असता. मी पिठाची चाळणी घेऊन पाणी निघून जातं त्या जाळीपाशी बसले. मला त्या संध्याकाळी ऑर्विलच्या तोंडातून आलेलं रक्त आठवत होतं. म्हटलं, त्याचा दात तरी या गावाने गटारात वाहवू नये. थोड्या वेळाने आयव्हर आला. काही न विचारता शेजारी बसला आणि हाताने गाळ चाचपायला लागला. केसांच्या पिना निघाल्या, नाणी निघाली, चकतीचा तुकडा निघाला. आणि मग आयव्हरच्या बोटांत एक दात आला. त्याने तो नळाखाली धुतला, रुमालात गुंडाळला, आणि आम्ही दोघं ऑर्विलच्या घरी गेलो.

ऑर्विल खिडकीशी बसला होता. दात त्याने तळहातावर घेतला, डाव्या डोळ्याजवळ नेला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

"तुझाच असणार. तोंडातून केवढं रक्त..."

"मर्ना, माझे वरचे सगळे दात खोटे आहेत. सतराव्या वर्षी काठी लागून गेले." आणि त्याने ओठ वर करून दाखवले. हॉस्पिटलने दिलेले नवे दात, पांढरे स्वच्छ. तीस वर्षं हा माणूस ओठ मिटून का हसत होता ते मला त्या दिवशी कळलं.

"मग कुणाचा?" आयव्हरने विचारलं.

"डेलचा. तू मारलास तेव्हा पडला. मी बघितला ना पडताना." त्याने गेलेल्या उजव्या डोळ्याकडे बोट केलं. "या डोळ्याने शेवटचा तोच बघितला."

आयव्हर टोपी हातात फिरवत राहिला. ऑर्विलने काठी शोधली, कोट घातला, दात खिशात टाकला.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"मला त्याच्या दारात सोड. माझ्या बर्फात त्याचं काही राहायला नको."

मी गाडी डेलच्या घरासमोर उभी केली. मदत करायला उतरले तर त्याने हात वर करून मला थांबवलं. न वाकणारा पाय ओढत तो पायऱ्या चढला, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. दार केलाने उघडलं. ऑर्विल तिला काहीतरी म्हणाला, बहुतेक मनगटाचं विचारलं, कारण तिने हात वळवून दाखवला. मग तिने आत हाक मारली.

डेल आला. ऑर्विलने दात त्याच्या हातावर ठेवला आणि वळला. तो पायऱ्या उतरेपर्यंत बराच वेळ गेला. आम्ही गाडीत बसून बघत होतो. तेवढा सगळा वेळ डेल उंबऱ्यात उभा होता, हात तसाच पुढे, आणि केला त्याच्या तळहाताकडे बघून विचारत होती, हे काय आहे, बाबा, काय दिलं त्यांनी.